पंपिंग २५ वरून ५२ झालं. आता गोळ्या कमी करता येतील का?

सोनचाफा

नमस्कार मंडळी. एरवी नुसती वाचनमात्र असते, आज विचारायचं आहे म्हणून धागा काढतेय.

माझ्या मोठ्या भावाला (वय ४६) मागच्या वर्षी हार्ट फेल्युअरचं निदान झालं. जिना चढताना धाप, आडवं पडलं की खोकला, नडगीवर अंगठा दाबला की खड्डा तसाच राहायचा. टूडी इकोमध्ये पंपिंग (एका ठोक्यात डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं ते) २५ टक्के. अँजिओग्राफी स्वच्छ, ब्लॉकेज नाही. कारण सापडलं नाही, कागदावर 'डायलेटेड कार्डिओमायोपॅथी' (हृदयाचा स्नायू अशक्त होऊन कप्पा फुगणं) एवढंच. बिसोप्रोलॉल, सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन, स्पायरोनोलॅक्टोन, डापाग्लिफ्लोझिन आणि लघवीची गोळी सुरू झाली. परवाच्या इकोत पंपिंग ५२!

घरात आनंदीआनंद. पण आता दादा म्हणतो, "बरा झालो ना, मग एवढ्या गोळ्या कशाला?" उठून उभं राहिलं की त्याला चक्कर येते आणि छातीत एका बाजूला, स्तनाग्राच्या मागे, गाठीसारखं दुखतं. तो एकेक गोळी गाळायला लागलाय असा वहिनीला संशय आहे.

हृदय खरंच बरं होतं का? की ही गोळ्यांची करामत आहे? आणि बंद केल्या तर काय होतं, कुणाला माहीत आहे का?

भटकभवानी

वाचतेय. आमच्याकडेही हाच वाद चालू आहे.

कर्पूर

हृदयविभागात काम करतो म्हणून आधी महत्त्वाचं तेवढं लिहितो, बाकीचं सवडीने.

दादाला आजच सांगा, स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नकोस. तुमचा प्रश्न जसाच्या तसा घेऊन एक चाचणी झाली आहे. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयातल्या गटाने केली, नाव 'ट्रेड-एचएफ', निकाल २०१८ च्या शेवटी आले. रुग्ण ५१. सगळे तुमच्या भावासारखेच, म्हणजे डायलेटेड कार्डिओमायोपॅथी होती, औषधांनी पंपिंग ५० च्या वर आलं, हृदयाचा आकार पूर्ववत झाला, काही त्रास नाही. अर्ध्यांची औषधं देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने बंद केली, अर्ध्यांची चालू ठेवली. सहा महिन्यांत औषधं बंद केलेल्या २५ पैकी ११ जणांचा आजार परतला. चालू ठेवलेल्या २६ पैकी एकाचाही नाही. मग त्या दुसऱ्या गटाचीही औषधं काढून पाहिली, तर तिथेही तेच चित्र.

त्यातले बहुतेक जण आजार परतला तेव्हा हिंडतेफिरते होते. एमआरआय आणि रक्ततपासण्या ठरल्या वेळी होत होत्या म्हणून कळलं. घरी बसून 'मला तर काहीच होत नाही' म्हणणाऱ्याला ते कळणार कसं?

सोनचाफा

बाप रे. २५ पैकी ११ म्हणजे जवळजवळ निम्मे. दादाला हे वाचून दाखवते.

पण मग उरलेल्या १४ जणांचं काय? दादा नेमकं हेच विचारणार, मला खात्री आहे.

कर्पूर

विचारू दे, बरोबरच आहे. काही लोक औषधांशिवाय तग धरतात हे खरं. अडचण अशी की ते कोण हे आधी ओळखण्याची भरवशाची खूण आज आमच्या हातात नाही. शिवाय त्या १४ जणांचा आकडा सहा महिन्यांचा आहे, सहा वर्षांचा नाही.

चौकस

ज्या बिसोप्रोलॉलला दादा कंटाळलाय त्या जातीच्या औषधाची, बीटा ब्लॉकरची, कथा भन्नाट आहे. मी डॉक्टर नाही, वाचनाचा नाद आहे, चुकलं तर कर्पूर कान धरतील.

हे औषध नाडी मंद करतं आणि हृदयाचा जोर कमी करतं. त्यामुळे अशक्त हृदयाला ते द्यायचं नाही असंच विद्यार्थ्यांना शिकवत. १९७५ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गचे फिन वॉगस्टीन आणि सहकारी यांनी सात रुग्णांवरचा अनुभव छापला: बीटा ब्लॉकर दिल्यावर हृदय सुधारलं. बहुतेकांनी नाकं मुरडली. हृदयाला जोर देणारं औषध शोधायचं, हीच तेव्हाची दिशा होती. तशी औषधं आलीही. मिलरिनोनच्या गोळ्यांनी हृदय जोरात आकुंचन पावायचं, पण १९९१ च्या मोठ्या चाचणीत ती घेणाऱ्यांमध्ये मृत्यू २८ टक्क्यांनी जास्त निघाले. थकलेल्या बैलाला चाबूक मारून नांगरट उरकायची, आणि संध्याकाळी बैलच आडवा.

दिशा फिरली ती १९९९ मध्ये. बिसोप्रोलॉलची 'सिबिस-२' चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्या गटात मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी होते आणि दुसऱ्या गटाला नुसत्या खोट्या गोळ्यांवर ठेवणं योग्य नव्हतं. मेटोप्रोलॉल सक्सिनेट या दुसऱ्या बीटा ब्लॉकरचा निकालही त्याच वर्षी त्याच वळणाचा आला. सात रुग्णांपासून इथवर यायला २४ वर्षं लागली!

उनाडपाऊस

भारी माहिती चौकस. पण एक कळलं नाही. जोर कमी करणाऱ्या औषधाने पंपिंग *वाढतं* कसं? हे उलटंच झालं की.

कर्पूर

चौकसरावांचे कान शाबूत राहतील, बरोबर लिहिलंय.

उनाडपाऊस, प्रश्न फर्मास आहे. हृदय कमी पडलं की शरीराला वाटतं रक्तस्राव झालाय. ते जुनी युक्ती काढतं: अ‍ॅड्रिनलिनच्या जातीची संप्रेरकं सोडून नाडी वाढवायची, अँजिओटेन्सिनने रक्तवाहिन्या आवळायच्या, अल्डोस्टेरॉनने मीठ-पाणी धरून ठेवायचं. जखमेतून रक्त वाहत असेल तर यानेच जीव वाचतो, पण ते तासा-दोन तासांसाठी. हार्ट फेल्युअरमध्ये हा मारा महिनोन् महिने चालतो. पेशी लांबट होतात, काही मरतात, मध्ये व्रणासारखे धागे भरतात. डावा कप्पा मुळात लांबुळका, टोकाकडे निमुळता असतो, तो फुगून चेंडूसारखा गोल होतो. गोल झाला की झडपेची कडी ताणली जाते, मायट्रल झडप गळायला लागते, म्हणजे काही रक्त पुढे न जाता मागेच. मग भार आणखी वाढतो.

आजची औषधं या माऱ्यातला एकेक धागा तोडतात. मारा थांबला की कप्पा हळूहळू आक्रसतो. इकोच्या पडद्यावर कप्प्याच्या कडेने रेघ ओढताना जुनी आणि नवी रेघ शेजारी ठेवली तर गोल आकार पुन्हा लांबुळका झालेला दिसतो, गळती सांगणारा रंगाचा झोत बारीक होतो. यालाच आम्ही रिव्हर्स रिमॉडेलिंग म्हणतो. त्याला महिने लागतात. बीटा ब्लॉकरने पहिल्या दोन आठवड्यांत उलट जास्त थकल्यासारखं वाटतं, आणि कित्येक लोक तिथेच सोडून देतात. म्हणून सुरुवात चिमूटभर डोसने (बिसोप्रोलॉल १.२५ मिलिग्रॅम) आणि साधारण दर दोन आठवड्यांनी दुप्पट करत सोसेल तिथपर्यंत, जास्तीत जास्त १०.

आता सोनचाफांचा मूळ प्रश्न, हृदय 'बरं' होतं का. हृदयाच्या मदतीला कृत्रिम पंप बसवलेल्या रुग्णांच्या हृदयाचे तुकडे पंप बसवताना आणि नंतर तपासले गेले आहेत. भार उतरल्यावर पेशींचा फुगलेला आकार खाली येतो, कॅल्शियमची ने-आण सुधारते, पण पेशींभोवतीचं जाळं आणि जनुकांचं वागणं पुरतं मूळपदावर येत नाही. म्हणून तुमच्या भावाच्या कागदावर 'बरा झाला' असं नाही लिहिणार, 'पंपिंग सुधारलेलं हार्ट फेल्युअर' लिहितील. पूर्वी ४० किंवा खाली, नंतर किमान १० ने वाढून ४० च्या वर, ही त्याची व्याख्या.

टवाळ

एवढं सगळं कशाला? स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या, हृदयाचे नवीन स्नायू तयार होतात. माझ्या ओळखीत एक केंद्र आहे, हा घ्या दुवा

(संपादक: जाहिरातीचा दुवा काढला आहे.)

चौकस

टवाळराव, नवीन स्नायूंची बातमी जरा शिळी झाली. हृदयात स्टेम सेल आहेत आणि त्या स्नायू पुन्हा उगवतात असं पिएरो अँव्हर्सा यांनी २००० नंतर वर्षानुवर्षं मांडलं, त्यावर माणसांवर चाचण्यासुद्धा झाल्या. २०१८ मध्ये हार्वर्ड आणि ब्रिगहॅम रुग्णालयाने स्वतःच सांगितलं की त्या प्रयोगशाळेच्या ३१ शोधनिबंधांतली आकडेवारी बनावट किंवा फेरफार केलेली आहे, ते मागे घ्या.

हृदयाच्या स्नायूपेशी मुळात किती नव्याने बनतात याचं उत्तर स्वीडनच्या गटाने २००९ मध्ये फार हुशारीने काढलं. शीतयुद्धातल्या अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ वाढलं होतं. ते पेशीच्या डीएनएमध्ये किती आहे यावरून पेशीचं जन्मवर्ष सांगता येतं. पंचविशीत वर्षाला साधारण १ टक्का पेशी नव्या, पंच्याहत्तरीत अर्ध्या टक्क्याहून कमी. म्हणजे मेलेला स्नायू या वेगाने भरून निघत नाही. जे सुधारतं ते जिवंत पण गांजलेल्या पेशींचं काम.

टवाळ

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

उनाडपाऊस

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, लिहू की नको असं चाललं होतं, कारण वाचून कुणी गोळ्या सोडायला नकोत.

माझंही पंपिंग ३० वर होतं. पण कारण सापडलं: एट्रियल फिब्रिलेशन. नाडी अनियमित आणि महिनोन् महिने १३० च्या आसपास धावत होती, मला पत्ताही नव्हता, थकवा कामाचा समजत होतो. अ‍ॅब्लेशन (लय बिघडवणारा हृदयातला भाग निकामी करणं) केलं, लय जाग्यावर आली आणि काही महिन्यांत पंपिंग ५५. काही गोळ्या डॉक्टरांनी स्वतःच हळूहळू उतरवल्या. रक्त पातळ करणारी आणि बीटा ब्लॉकर अजून चालू. म्हणजे कारण दूर झालं की गणित बदलतं, बरोबर ना?

कर्पूर

बदलतं. म्हणून पहिला अर्धा उपचार म्हणजे कारण शोधणं. सतत धावणारी नाडी, दारू, थायरॉइडचा अतिरेक, खराब झडप, काही कर्करोगांची औषधं, बाळंतपणाच्या आसपास येणारी कार्डिओमायोपॅथी, मायोकार्डायटिस (हृदयाच्या स्नायूचा दाह), थायमिनची (ब-१ जीवनसत्त्वाची) कमतरता. मानसिक धक्क्याने येणारा ताकोत्सुबो तर अनेकदा काही आठवड्यांत आपोआप उतरतो. यांत हृदय सावरण्याची शक्यता खूप असते आणि कारण कायमचं गेलं तर औषधं कमी करण्याचा विचार करता येतो, तोही इको पाहत पाहत. ताल पुन्हा बिघडला तर पंपिंग पहिल्यापेक्षा लवकर घसरू शकतं, तेव्हा उनाडपाऊस, नाडीवर लक्ष असू द्या.

सोनचाफांच्या भावाचं कारण सापडलेलं नाही. जे दूर केलं असं म्हणावं ते काही नाहीच. त्यामुळे तो उनाडपाऊसच्या रांगेत बसत नाही.

पाटीपेन्सिल

मी हार्ट फेल्युअर क्लिनिकमध्ये परिचारिका आहे. वर सगळं पंपिंगवर चाललंय, मला दादाच्या चकरेबद्दल आणि दुखऱ्या गाठीबद्दल बोलायचंय. माणसं गोळ्या सोडतात ती यामुळे.

दुखरी गाठ: पुरुषांत स्पायरोनोलॅक्टोनने असं होतं, लाजून सांगत नाहीत. त्याच कामाचं एप्लेरेनोन आहे, त्यात हा त्रास फारच कमी. गोळी बदलायची असते, सोडायची नसते. डॉक्टरांनी एकदा गाठ हाताने तपासलेलीही बरी.

चक्कर: पाचही गोळ्या दादा सकाळी एकदम घेतो का विचारा. बरेच जण घेतात आणि मग दहा-अकराच्या सुमाराला भिंत धरून उभे राहतात. काही संध्याकाळी हलवल्या तरी फरक पडतो. आणि लघवीची गोळी अजून तेवढीच चालू आहे का? सूज उतरली, हृदय सुधारलं, तरी ती गोळी जुन्याच डोसने चालू राहते आणि अंग कोरडं पडतं. चारही मुख्य औषधं हृदयाचा आकार सुधारतात किंवा आयुष्य वाढवतात. लघवीची गोळी फक्त पाणी काढते. कमी करता येण्यासारखी पहिली गोळी बहुतेकदा तीच असते! पण डॉक्टरांना विचारून.

सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करून वहीत लिहायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलोने वाढलं तर थांबायचं नाही, फोन करायचा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक असल्या दुखण्यावरच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, मीठ-पाणी साठतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम सांगणारी तपासणी) सांगितलेल्या तारखेला तपासायचं. उलट्या-जुलाब लागले तर त्याच दिवशी कळवायचं, काही गोळ्या तेवढ्यापुरत्या थांबवाव्या लागतात.

सोनचाफा

पाटीपेन्सिल, तुम्ही कॅमेरा लावून बसला होतात का आमच्याकडे? पाचही गोळ्या सकाळीच! आणि लघवीची गोळी पहिल्या दिवशी होती तेवढीच आहे. अपॉइंटमेंट लवकरची मागून घेतली.

गोधडी

माझ्या नवऱ्याला ही चौकडी देऊन पंपिंग ३० च्या वर गेलंच नाही. सगळ्यांचं सुधारतं असं वाटायला नको म्हणून लिहिते. त्याला झटका येऊन गेला होता, पुढच्या भिंतीचा स्नायू मेला. आम्हाला आता वेगळा पेसमेकर सुचवलाय, सीआरटी. त्याने फायदा होतो का?

कर्पूर

गोधडी, लिहिलंत ते बरं केलंत. व्रण पडलेला भाग गोळ्यांनी आकुंचन पावत नाही. पण औषधं फुकट गेली असं समजू नका, पंपिंग हललं नाही तरी आयुष्य आणि पुन्हा भरती होणं यांत फरक पडतो. १९८७ मध्ये एनालाप्रिलची (अँजिओटेन्सिन कमी करणारं औषध) पहिली मोठी चाचणी झाली तेव्हा अतिगंभीर रुग्णांत सहा महिन्यांतले मृत्यू ४४ टक्क्यांवरून २६ वर आले होते. त्यानंतर १९९९ मध्ये स्पायरोनोलॅक्टोन, २०१४ मध्ये सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन, २०१९ मध्ये मधुमेहाचं म्हणून आलेलं डापाग्लिफ्लोझिन, अशी भर पडत गेली.

सीआरटी कुणाला, हे ईसीजीवर ठरतं. डाव्या बाजूची वायर बंद पडलेली असेल (लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉक) आणि क्यूआरएस (ईसीजीवरची कप्प्यांच्या आकुंचनाची खूण) रुंद असेल, विशेषतः १५० मिलिसेकंद किंवा जास्त, तर डाव्या कप्प्याच्या दोन भिंती एकाच वेळी आकुंचन पावत नाहीत. एक दाबते तेव्हा दुसरी अजून सैल. सीआरटी दोन्हीकडून ठोका देऊन त्यांना एका तालावर आणतो. २००५ च्या केअर-एचएफ चाचणीत याने मृत्यू ३६ टक्क्यांनी कमी झाले. व्रण मोठा असेल तर प्रतिसाद थोडा कमी मिळतो. त्यांचा क्यूआरएस किती आहे ते विचारून घ्या, तो आकडा कळल्याशिवाय मला पुढे बोलता येणार नाही.

आणि फेरिटिन, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (अंगातल्या लोहाच्या रक्ततपासण्या) तपासलंय का? हिमोग्लोबिन ठीक असूनही लोह कमी असू शकतं. कमी असेल तर शिरेतून दिलेल्या लोहाने दम सुधारतो. लोहाच्या गोळ्यांची वेगळी चाचणी झाली, त्यांनी काही फरक पडला नाही.

गोधडी

क्यूआरएस १६२ लिहिलंय, आणि खाली तेच लेफ्ट बंडल. लोहाची तपासणी कुणी सांगितली नव्हती. विचारते. मनापासून आभार.

भटकभवानी

वर कृत्रिम पंपाचा उल्लेख आलाय. तो बसवला की आयुष्यभर, असंच ऐकलं होतं. तो काढतात पण?

चौकस

क्वचित काढतात. लंडनजवळच्या हेअरफील्ड रुग्णालयात मॅग्दी याकूब यांच्या गटाने पंप आणि भरपूर औषधं दोन्ही एकदम दिली. २००६ मध्ये छापून आलं: १५ पैकी ११ रुग्णांचे पंप काढण्याइतकं हृदय सावरलं. नंतर अमेरिकेत ४० जणांवर तसंच करून पाहिलं, तिथे १८ महिन्यांत ४० टक्के जणांचे पंप निघाले. मात्र हे निवडून घेतलेले रुग्ण होते, वय कमी, आजार फार जुना नाही, झटक्याचा व्रण नाही. सरसकट पाहिलं तर पंप काढण्याची वेळ थोड्यांवरच येते.

मला याहून महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे वेळ न दवडणं. २०२२ ची स्ट्राँग-एचएफ चाचणी पाहा. रुग्णालयातून सुटल्यावर दोन आठवड्यांत औषधं पूर्ण डोसपर्यंत नेली, वारंवार तपासत. सहा महिन्यांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी पुन्हा भरती १५.२ टक्के, नेहमीच्या पद्धतीत २३.३. औषधं तीच, फक्त रेंगाळायचं नाही.

पाटीपेन्सिल

चौकस, सहमत, पण 'वारंवार तपासत' हे शब्द ठळक करा. आमच्याकडे लोक हे वाचून घरीच डोस दुप्पट करून येतात.

सोनचाफा

जाऊन आलो. लघवीची गोळी अर्धी केली, स्पायरोनोलॅक्टोनच्या जागी एप्लेरेनोन, सॅक्युबिट्रिलचा दुसरा डोस रात्री. बाकी सगळं चालू. दादाने ट्रेड-एचएफबद्दल स्वतःच विचारलं, डॉक्टर चकित! गोळ्या गाळत होता हेही कबूल केलं, दोन आठवडे बिसोप्रोलॉल घेतलंच नव्हतं. इको पुन्हा करायचाय.

डॉक्टरांनी जाता जाता विचारलं की घरात आणखी कुणाला असं काही आहे का. आमचे वडील पन्नाशीच्या आत अचानक गेले होते, झोपेत. ते सांगितलं तर त्यांनी लिहून घेतलं. हे कशासाठी?

कर्पूर

कारण न सापडलेल्या डायलेटेड कार्डिओमायोपॅथीतला मोठा वाटा अनुवंशिक असतो. टायटिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातला दोष त्यांत सर्वांत जास्त सापडतो. लॅमिनच्या जनुकातला दोष असेल तर पंपिंग फारसं घसरण्याआधीही हृदयाची लय जीवघेणी बिघडू शकते, त्यामुळे वडिलांची माहिती फार मोलाची आहे. भावाची जनुक तपासणी सुचवतील, त्यात काही सापडलं तर तेवढंच नेमकं नातेवाइकांत शोधता येतं.

पण त्यासाठी थांबायचं नाही. आई-वडील, भावंडं, मुलं यांनी ईसीजी आणि इको करून घ्यायचा, त्रास असो वा नसो, आणि पहिला चांगला आला तरी काही वर्षांच्या अंतराने पुन्हा. दादाच्या मुलांचा झाला का? आणि सोनचाफा, तुमचा?

सोनचाफा

मुलांचा सांगितलाय, पुढच्या आठवड्यात. माझा नाही झाला. त्यांच्याबरोबरच नाव घालते.